नेम एकट्याचा आणि नेम संगतीचा

नेम धरणे सोपे, नेम चालवणे अवघड, आणि चौघांनी मिळून धरलेला नेम शेवटास नेणे सर्वांत अवघड. एकट्याच्या नेमात आपले मन आणि आपले शरीर एवढ्या दोघांचीच समजूत घालावी लागते. चौघांच्या नेमात चार शरीरे येतात, चार मने येतात, शिवाय चौघांच्या घरची माणसे येतात. मग एखाद्याचा पाय अडला की प्रश्न उभा राहतो. बाकीच्यांनी पुढे जावे की थांबावे? पुढे गेले तर सोबत्याला टाकल्याचा दोष, थांबले तर संकल्प मोडल्याचा दोष. ज्याचा पाय अडला त्याने दुखणे सांगावे की गिळावे? आणि नेम शेवटी पुरा झालाच, तर तो कोणाचा झाला म्हणावे?

वाचक माउली म्हणतील, बुवा, हा तर आमच्या दिंडीतला नेहमीचा प्रश्न. खरे आहे. पण या खेपेस तो मजपाशी आला तो धावणाऱ्यांच्या वाटेने आला. म्हणून ती वाट आधी थोडी सांगितली पाहिजे.

हल्ली रत्नागिरीत पहाटे काकड्याला बाहेर पडावे, तर भाट्याच्या पुलावर आणि मांडवीच्या बाजूला तरुण मुलेमुली, कधी साठीचे गृहस्थही, धावताना दिसतात. विचारले तर सांगतात, ‘बुवा, मॅरेथॉनची तयारी चाललीय.’ मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटरची धाव. हे नाव ग्रीस देशातल्या एका मैदानाचे. ख्रिस्तपूर्व ४९० मध्ये तेथे अथेन्सच्या लोकांनी इराणी सैन्याचा पराभव केला. जयाची वार्ता घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत धावला आणि वार्ता सांगताच गतप्राण झाला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण हेरोडोटस या जुन्या इतिहासकाराच्या ग्रंथात ती कथा नाही. तो सांगतो ते निराळे. लढाईच्या आधी फिडिपिडीस नावाचा जासूद मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला आणि दुसऱ्या दिवशी पोचला. ते अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. प्राण गेल्याची कथा पुढे काही शतकांनी जोडली गेली. म्हणजे या धावेच्या मुळाशी गेले तर आपल्या माणसांसाठी मदत मागायला निघालेला एक माणूस सापडतो. पुढे १८९६ साली अथेन्सला ऑलिंपिकचे खेळ नव्याने सुरू झाले, त्यात ही शर्यत झाली. ती जिंकली स्पिरिडॉन लुईस याने, आणि हा पाणी वाहण्याचा धंदा करणारा माणूस होता. आजचे नेमके अंतर १९०८ च्या लंडनच्या शर्यतीवरून आले आणि १९२१ साली कायम झाले.

आता आपल्या मापाने मोजू. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ सहा मॅरेथॉन. आपण ते अंतर तीन आठवड्यांच्या आत-बाहेर चालतो. त्यातला पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा दिवस सर्वांत कठीण दिवसांपैकी, तोही तीसएक किलोमीटरांचा. पूर्वजांनी वाटचालीची आखणी किती शहाणपणाने केली आहे ते पाहा. माउलींच्या सोहळ्यात घाटाच्या आधी पुण्याला दोन रात्री मुक्काम, घाट चढल्यावर सासवडला पुन्हा दोन रात्री. पण काही धावणारे विसावा न घेता रोज एक मॅरेथॉन धावतात. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २८ नोव्हेंबर २०२१ ते २६ जानेवारी २०२२ या साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पुऱ्या केल्या आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अडीच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर झाले. आळंदी-पंढरीच्या हिशेबाने दहा वाऱ्या, दोन महिन्यांत! ऐकून तोंडात बोट घालावे असे हे काम आहे.

असो. आता प्रश्न कसा आला ते सांगतो. आमच्या शहरातल्या चार मित्रांनी मागच्या थंडीत संकल्प केला की पाच दिवस, रोज एक, अशा पाच मॅरेथॉन चौघांनी मिळून धावायच्या. एक शाळामास्तर, एक बँकेत नोकरीला, एक आंब्याच्या बागेचा मालक, आणि एक मिरकरवाड्यावर मासळीच्या धंद्यातला. सहा महिने पहाटे उठून तयारी केली. दोन दिवस उत्तम पार पडले. तिसऱ्या दिवशी बागवाल्याची नडगी इतकी दुखू लागली की शेवटचे अंतर तो लंगडत आला. दुखणे दुसऱ्या दिवसापासूनचे होते. मोज्याखाली पट्टी बांधून त्याने ते कोणाला कळू दिले नव्हते. मास्तरांचे घर माळकरी. ते त्या संध्याकाळी चौघांना घेऊन माझ्याकडे आले.

मास्तर म्हणाले, ‘बुवा, ठरवलं होतं चौघांनी. उद्या तिघंच धावलो तर मोडलंच ना ते?’

बँकेतला म्हणाला, ‘पण तिघांनी का थांबायचं? सहा महिने घरच्यांनीही सोसलंय.’

बागवाला म्हणाला, ‘तुम्ही वाद घालू नका. मी उद्या धावणार. माझ्यामुळं कोणाचं अडायला नको.’

मासळीवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आमच्याकडं होडीवर एकाला लागलं, तर आधी जाळं ओढून घेतात आणि मग होडी बंदराला आणतात. जाळं पण टाकत नाहीत आणि माणूस पण टाकत नाहीत.’

शास्त्राचे चार ग्रंथ वाचलेल्या माणसाने ऐकून गप्प बसावे असे हे बोलणे. पण ‘जाळे’ म्हणजे काय आणि ‘बंदर’ म्हणजे काय, हे नीट उलगडले पाहिजे. म्हणून एकेक शंका घेऊ.

पहिली शंका. असे धावणे हे तप आहे काय, की नुसती हौस? गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. फळाची आस न धरता श्रद्धेने केलेले ते सात्त्विक. सत्कार, मान, पूजा यांसाठी केलेले ते राजस. आणि मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले ते तामस. ज्ञानोबारायांनी यावर विस्तार केला आहे, तो मुळातून वाचावा. आपल्याला येथे एवढेच पाहायचे की भगवंतांनी ही वाटणी कर्माच्या नावावरून केलेली नाही. धावणे राजस आणि चालणे सात्त्विक, असे कोठेही म्हटलेले नाही. वारी करूनही ‘माझी ही चाळिसावी’ असे चारचौघांत मोजून दाखवणारा राजस होऊ शकतो, आणि धावणारा एखादा मनाने निर्मळ असू शकतो. आणि आपल्या वारीत धावणे नाही असे तरी कोठे आहे? रिंगणात माउलींचा अश्व धावतो तसे वारकरीही धावतात. वेळापूरच्या अलीकडे उतारावर ‘धावा’ होतो. तुकोबारायांना तेथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, या आठवणीने लहानथोर सारे धावतात. तेव्हा धावण्याला नाव ठेवण्याचे आपल्याला कारण नाही. आपण विचार करायचा तो भावाचा.

दुसरी शंका. दुखणे लपवून पुढे जाणाऱ्याला धीराचा म्हणावे काय? बागवाल्याचे शब्द वरवर किती चांगले वाटतात! ‘माझ्यामुळं कोणाचं अडायला नको.’ पण नीट तपासून पाहा. चौघांच्या नेमात प्रत्येकाचा पाय हा चौघांच्या ठेव्यातला असतो. ठेव्यात तूट आली आणि एकाने ती झाकली, तर बाकीचे तिघे खोट्या हिशेबावर चालू लागतात. त्यांना वाटते चौघे धड आहेत, म्हणून ते वेग तोच ठेवतात, विसावा तेवढाच घेतात. त्यांनी सोबत्याची काळजी घ्यायची, हा त्यांचा धर्म. तो करण्याची संधीच झाकणाऱ्याने त्यांच्यापासून काढून घेतली. तेव्हा हा मौनाचा त्याग दिसायला त्याग असला, तरी त्याच्या आत असत्य आहे, आणि थोडा अहंकारही आहे. ‘मी कोणाला जड होणार नाही’ यात ‘मी’ मोठा आहे हो!

देहाचा हिशेबही लक्षात घ्यावा. पायाला फोड येणे, पोटरीत गोळे येणे, अंग आंबणे, हे लांब चालणाऱ्याला आणि धावणाऱ्याला चुकत नाही, आणि त्याने सहसा मोठे नुकसान होत नाही. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असे दुखू लागले आणि पाऊल टेकले की ते वाढत गेले, तर हाडाला तडा जात असल्याची ती खूण असू शकते. तेथे हट्ट धरला तर बारीक तड्याचे मोडलेले हाड होते. आपल्या कोकणची हवा दमट. घाम वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही. घामातून मीठ जाते आणि वर नुसते साधे पाणीच फार प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा करू लागतो, प्रसंगी जिवावर बेतते. आमच्या आज्या उन्हातून आलेल्याला मीठ-साखर घातलेले आमसुलाचे सरबत देत, त्यात शहाणपण होते. लघवी चहाच्या काढ्यासारखी गडद झाली तर त्याच क्षणी थांबून डॉक्टर गाठावा. हे सारे सोबत्यांना सांगितले तरच सोबतीचा उपयोग. न सांगणारा माणूस दहा जणांत असूनही एकटाच असतो.

‘पण बुवा, औषधपाण्यासाठी थांबलो तर नेम मोडेल,’ अशी एक भीती असते. शास्त्रकारांनी ती फार पूर्वीच घालवून ठेवली आहे. व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी आहे, दूध आहे, फळ-मूळ आहे, गुरूचा शब्द आहे, आणि औषधही आहे. धर्मशास्त्र कठोर म्हणून नावाजलेले, पण व्रतासाठी देह मोडून घ्या असे ते म्हणत नाही. अशक्त झालेल्याच्या व्रतासाठी जवळच्या माणसाने प्रतिनिधी व्हावे, हाही विचार निबंधग्रंथांतून आहे. ‘धर्मसिंधु’ हा त्यांतला आपल्याकडे सर्वांत चालणारा ग्रंथ. तो १७९० साली पुरा करणारे काशिनाथशास्त्री उपाध्याय पंढरपूरचे. त्यांचे घराणे मूळचे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोळवलीचे. कोकणच्या मातीतला आणि विठोबाच्या पायाशी राहिलेला हा पंडित. त्याच्या ग्रंथाचा आधार कोकणातल्या धावणाऱ्यांनी घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा मी बागवाल्याला म्हटले, ‘अरे, उद्या पहाटे धावायला नको, आत्ता रात्रीच डॉक्टरांकडे जा.’ गेले. डॉक्टरांनी हाडाला बारीक तडा असल्याचे सांगून सहा आठवडे धावणे बंद केले. त्याचा प्रश्न सुटला. उरले तिघे.

तिसरी शंका तीच. तिघांनी थांबावे की जावे? येथे आमच्या जुन्या पाठशाळेत शिकवलेला एक विचार उपयोगी पडतो. वैदिक यज्ञांत ‘सत्र’ नावाचा एक प्रकार आहे. बारा दिवसांपासून पुढे तो चालतो. इतर यज्ञांत यजमान एक असतो आणि ऋत्विज निराळे, त्यांना दक्षिणा द्यायची. सत्रात सतरा ते चोवीस जण एकत्र बसतात, सगळेच यजमान आणि सगळेच ऋत्विज. कोणी कोणाला दक्षिणा द्यायची नाही, आणि फळ सगळ्यांचे. चार मित्रांनी लागोपाठच्या दिवसांचा एक नेम मिळून करावा, त्याला याहून जवळचा दाखला मला दुसरा दिसत नाही.

आता मीमांसकांनी येथे बारीक विचार केला. एकट्याच्या यज्ञात सामग्री बदलता येते. तांदूळ नसेल तर त्यासारखे दुसरे धान्य चालते. पण यजमानच नसेल तर त्याच्या जागी दुसरा यजमान करता येत नाही, कारण फळ ज्याला हवे तोच गेला. मग सत्रात मध्येच एखादा यजमान गेला तर काय? सत्र मोडायचे काय? जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात याचा निर्णय आहे. सत्रात त्याच्या जागी दुसरा घेता येतो, कारण आरंभलेले कर्म सगळ्यांचे आहे आणि ते पुरे झाले पाहिजे. पण त्या जागी आलेला माणूस फळाचा धनी होत नाही. तो काम पुरे करतो, धनीपण मूळच्यांचेच राहते.

किती सुंदर निर्णय आहे! एकट्याचा संकल्प त्याच्याबरोबर थांबतो. संगतीचा संकल्प थांबत नाही, कारण तो कोणा एकाच्या पायांवर उभा नसतो. पडलेल्याची जागा भरता येते, आणि भरली तरी पडलेल्याचा हक्क जात नाही. तेव्हा तिघांनी पुढे जाण्यात दोष नाही. दोष कोठे येईल? पुढे जाताना चौथ्याचा हक्क पुसून टाकला तर.

पाठशाळेचा दाखला जड वाटत असेल तर आपल्या सप्त्याकडे या. आपल्या कोकणात गावोगाव अखंड नामाचा सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. पण सात दिवस, सात रात्री एकच माणूस उभा असतो काय? पहारे वाड्यांवर, घरांवर वाटलेले असतात. रात्री दोन वाजता एकाचे पाय भरून आले की दुसरा येतो, नमस्कार करतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. सकाळी कोणी विचारीत नाही की कोण किती तास उभा राहिला. सप्ता गावाचा झाला असेच म्हणतात. ज्याला ताप आला म्हणून पहारा चुकला, त्यालाही काल्याचा प्रसाद मिळतोच. सत्राचा सारा न्याय आपल्या गावकऱ्यांनी असा न शिकता आचरणात आणला आहे.

यावर कोणी महाभारत पुढे करील. महाप्रस्थानात धर्मराज चालत राहिला. द्रौपदी पडली, सहदेव पडला, नकुल पडला, अर्जुन पडला, शेवटी भीमही पडला, आणि धर्मराजाने वळूनही पाहिले नाही. मग पडलेल्यासाठी थांबू नये, मागे पाहू नये, हाच धर्माचा मार्ग नव्हे काय? ही शंका मोठी आहे. तिचे समाधान दोन परींनी करावे.

एक तर ते प्रस्थान देह ठेवण्यासाठीच होते. तेथे प्रत्येकजण पडण्याचा निश्चय करूनच निघाला होता. ज्यांना सहाव्या दिवशी घरी परत जायचे आहे, शाळा उघडायची आहे, बागेला पाणी द्यायचे आहे, त्यांना तो नियम लागत नाही. दुसरे असे की व्यासांनी कथा तेथे संपवली नाही. स्वर्गाच्या दारात इंद्र रथ घेऊन उभा राहिला, तेव्हा सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून रथात चढायला धर्मराज तयार झाला नाही. आणि पुढे आपल्या भावांचे आवाज नरकातून आले, तेव्हा त्याने सांगितले की मी येथेच राहतो. स्वर्ग त्याने पुढे चालत मिळवला असेल, पण तो त्याला एकट्याने घ्यावासा वाटला नाही. चालताना तो थांबला नाही, आणि पोचल्यावर सोबत्यांवाचून आत गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचाव्यात. पहिलीच तेवढी घेणारा अर्धे महाभारत वाचतो.

तिघे चौथ्या आणि पाचव्या दिवशी धावले. बागवाला रिक्षात बसून पुढे-मागे होता, सरबत देत होता, वेळ सांगत होता. येथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. खरा तिढा सहाव्या दिवशी पडला. मंडळींनी सत्कार ठरवला आणि फलकावर ‘पाच दिवसांत पाच मॅरेथॉन’ असे लिहून खाली नावे घालायची होती. नावे तीन की चार?

मास्तर म्हणाले, चार. नाहीतर संकल्प चौघांचा कसला? बँकेतला म्हणाला, पाच तर तिघांनीच केल्या, खोटे कसे लिहायचे? या वेळी मला बँकेतल्याचे बोलणे अधिक पटले, आणि मास्तरांचा भाव अधिक पटला. मग दोन्ही ठेवायचे कसे? मीमांसकांचा निर्णय पुन्हा आठवावा. कर्म करणारा एक आणि फळाचा धनी दुसरा असू शकतो, असे त्यांनी मानले. म्हणजे कर्म आणि फळ या दोन गोष्टी वेगळ्या मोजता येतात. तेव्हा नोंद कर्माची करावी, ज्याची त्याची, खरी. तिघांच्या पाच, एकाच्या तीन. त्यात एक पाऊलही वाढवू नये. मैत्रीपोटी लिहिलेले खोटे आकडे हे ज्याच्यासाठी लिहिले त्याच्याच गळ्यात धोंड होऊन बसतात. जन्मभर कोणी विचारले की त्याला मान खाली घालावी लागेल. आणि फळ मात्र चौघांचे मानावे. हार आला तर चौघांच्या गळ्यात, नारळ फुटला तर चौघांच्या नावाने. नोंदीत सत्य आणि फळात वाटणी, ही संगतीच्या नेमाची किल्ली आहे.

कासोदेकरांच्या साठ धावांत कोणी सोबतीला धावले असेल, त्यांनी ‘आमच्याही साठ झाल्या’ असे म्हटले तर ते हास्यास्पद होईल. ती नोंद एकट्याची होती आणि पहिल्या दिवसापासून तशीच सांगितली होती. त्यात काही दोष नाही. दोष तेव्हा येतो, जेव्हा नेम चौघांचा म्हणून धरायचा, चौघांच्या जोरावर चालवायचा आणि शेवटच्या दिवशी तो आपल्या एकट्याचा करून घ्यायचा. सत्रात बसून दक्षिणा मागण्यासारखे ते आहे.

परदेशातला एक दाखला देऊन हा मुद्दा पुरा करतो. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा तरुण होता. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसा जमावा म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी तो कृत्रिम पाय लावून देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे धावत निघाला, दिवसाला जवळजवळ एक मॅरेथॉन. त्याचा मित्र डग ऑलवर्ड गाडी चालवी, स्वयंपाक करी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावे लागले. रोग फुप्फुसात गेला होता. २८ जून १९८१ रोजी तो वारला, वयाच्या बावीसाव्या वर्षी. त्याच साली त्याच्या नावाने लोक धावू लागले आणि देशोदेशी अजून धावतात. आता पाहा, इतक्या वर्षांत त्याच्या नोंदीत कोणी एक किलोमीटर वाढवला नाही. ती ५,३७३ वरच थांबली आहे, आणि दुसरा किनारा त्याला लाभला नाही हे सगळे उघड सांगतात. पण त्याच्या संकल्पाचे फळ अजून वाढतेच आहे. नोंद थांबली आणि नेम चालू राहिला. वीणा दुसऱ्यांनी गळ्यात घेतली.

आता आपल्याकडे वळू. आषाढात कोकणात लावणी असते, म्हणून आपल्याकडचे पुष्कळ शेतकरी कार्तिकीला किंवा माघीला पंढरीची वाट धरतात. कोणी अंबा घाट चढून जातात, कोणी आळंदीला जाऊन माउलींबरोबर चालतात. पुढच्या वारीला निघताना दिंडीतल्या प्रत्येकाने तीन गोष्टी मनाशी धराव्यात. दुखले तर सांगावे. सांगितल्यावर ज्याला गाडीत बसावे लागले, त्याला कोणी कमी वारकरी समजू नये. आणि पंढरीहून परतल्यावर, आपण किती चाललो हे खरे सांगावे, उगीच वाढवून नव्हे.

पहिली गोष्ट अवघड जाते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना. ‘आपल्यामुळं दिंडी थांबायला नको’ म्हणत त्या फोड आलेल्या पायांनी मुक्कामापर्यंत येतात. त्यांना विचारून उपयोग नाही, त्या ‘बरं आहे’ म्हणतील. पण आपल्या संप्रदायाने याची सोय करून ठेवली आहे. वारकरी वारकऱ्याला भेटला की एकमेकांच्या पाया पडतो, तेथे वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत. माउली, पाया पडताना डोळे मिटून घेऊ नका. उघडे ठेवा. समोरच्याची पावले पाहा. सुजली आहेत काय, फाटली आहेत काय, चप्पल एकीकडे झिजली आहे काय, हे त्या क्षणी दिसते. मग तिथेच खाली बसा, तेल मागवा, फडके मागवा. दिंडी अर्धा घटका पुढे गेली तरी चालेल, तिला गाठता येते.

पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले ते आईबापांचे पाय हातात होते म्हणून. देवही थांबला, आणि रागावला नाही. ज्याच्यासाठी आपण इतके चालतो, तो स्वतः थांबून राहिलेला आहे, हे एवढे विसरू नये.

रामकृष्णहरि!